किलोला दोन कोटींचा हिशेब

जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना सापडला. सांगलीच्या पोलिसांनी सुमारे चौदा किलो माल धरला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच आकडा फिरला, 29 कोटी. त्याआधी मार्च 2024 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई गुन्हे शाखेने छापा टाकला, तेव्हा माल 122 किलोंवर आणि आकडा 245 कोटी. त्याच्याही महिनाभर आधी पुणे पोलीस कुरकुंभच्या कारखान्याचा माग काढत कुपवाडला आले आणि सुमारे 140 किलो घेऊन गेले. इरळीचा किंवा विट्याचा भागाकार करून बघा, उत्तर किलोला दोन कोटींच्या आसपास येते. म्हणजे ग्रॅमला वीस हजार. द्राक्ष, हळद, बेदाणा यांचे भाव सांगलीकराला तोंडपाठ असतात. आता हाही झाला.

या आकड्याचे पुढे काय होते? पंचनामा होतो, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर यादी आणि नमुने होतात, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि उरलेला माल रीतसर परवानगी घेऊन भट्टीत जाळतात. 245 कोटींतला एक रुपया कुठल्या तिजोरीत पडत नाही. तरीही सरकारी कामगिरीचे माप म्हणून हाच आकडा पुढे केला जातो, आणि आपणही तोच वाचून समाधान मानतो. छापे टाकू नयेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण हा माल विकत घेऊन ओढणारा पोरगा कुठल्या रकान्यात बसतो? त्याच्यासाठी 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्याच चौकटीत एक दार ठेवले आहे, शिक्षेऐवजी उपचाराचे. ते दार सांगली-साताऱ्यात कामाला लावल्याशिवाय किलोंच्या हिशेबाला अर्धाच अर्थ आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी छाप्यांबद्दलच थोडे. वरच्या तीन घटनांपैकी एकच सांगलीच्या पोलिसांनी उघडकीस आणली. इरळीचा धागा मुंबईत कुर्ल्यात पकडलेल्या मालापासून निघाला, कुपवाडचा पुण्यातून. डिसेंबर 2025 मध्ये जावळी तालुक्यात कोयनेच्या जलाशयाकडेच्या सावरी गावात कारखाना सापडला, तोही मुंबईच्या पथकाला. माल जिथे विकला जातो तिथून उलटे चालत पोलीस आपल्या रानापर्यंत आले. रानातून कोणी त्यांना बोलावले नाही. यात स्थानिक पोलिसांचा आळस शोधणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. मुंबईत एखादी टोळी बोलायला लागली की तिचा पुरवठादार कळतो. कवठेमहांकाळच्या ठाण्याला तो कळणार तरी कसा?

कळण्याचा एक रस्ता होता, आणि तो गावातून जातो. तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाण्याच्या शेडांची रांग आहे. हंगाम उन्हाळ्याचा, बाकी वर्ष शेड मोकळे. कोंबड्यांचा धंदा बसला की पोल्ट्रीचे शेडही मोकळे. दुष्काळी तालुक्यांतली बरीच घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली, मागे म्हातारी माणसे आणि कुलूपबंद वास्तू. एखादा ओळखीचा माणूस येतो, ‘औषधांची कंपनी टाकतोय’ म्हणतो आणि बाजारभावाच्या दुप्पट भाडे देतो. इथे कोण विचारणार, बाबा कसली कंपनी? वास आला तरी शेतात फवारणीचा वास रोजचाच. रात्री गाडी आली तरी भाजीची गाडीही रात्रीच येते.

अमली पदार्थ कायद्याच्या कलम 25 खाली जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकालाही तीच शिक्षा आहे जी बनवणाऱ्याला. एमडीच्या बाबतीत व्यापारी प्रमाण 50 ग्रॅमपासून सुरू होते, आणि त्यापुढे शिक्षा दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. ही गोष्ट किती शेडमालकांना ठाऊक आहे? ग्रामसभेत पाणीपट्टीवर तास जातो. या कलमाचा कागद फळ्यावर लावायला दहा मिनिटे पुरतील. पोलीस पाटील, तलाठी, महावितरणचा लाइनमन या तिघांना कुठल्या रिकाम्या शेडचे वीजबिल अचानक वाढले हे माहीत असते. फक्त तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. भाडेकराराची नोंद ठाण्यात देण्याचे आदेश शहरांत निघतात. शेतातल्या शेडला तो आदेश लागू आहे की नाही, हे विचारले तर उत्तर देणारा माणूस सापडणे कठीण.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमली पदार्थांविरुद्ध यंत्रणांचा मेळ घालणाऱ्या केंद्राच्या एनकॉर्ड रचनेत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात त्याच कामासाठी टास्क फोर्स नेमला गेला. राज्याने स्वतंत्र अमली पदार्थविरोधी पथकाला 346 पदे मंजूर केली, आणि जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले. मकोकाचा फास मोठा आहे, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब त्यात ग्राह्य धरता येतो. पण तो लावायला टोळी लागते आणि टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रे असावी लागतात. मुरलेल्या सूत्रधाराला तो बसेल. पहिल्यांदाच या धंद्यात उतरलेल्या, कारखान्यात नोकरी करून रसायने हाताळायला शिकलेल्या माणसाला आणि त्याला जागा देणाऱ्या शेतकऱ्याला तो सहसा बसणार नाही. आणि या दोघांच्या जागी उद्या दुसरे दोघे मिळतात.

मागणी आहे म्हणून ते मिळतात. मागणी म्हणजे कोण, हे बघायला मुंबईला जावे लागत नाही.

सांगली-मिरज-कुपवाड या तीन गावांच्या शहरात कॉलेजांची गर्दी आहे, औद्योगिक वसाहत आहे, पुणे-बेंगळुरू महामार्ग पेठ नाक्यावर हाताशी आहे. साताऱ्यात आणि कऱ्हाडात तेच चित्र. इथला गांजा काही आजचा नाही. नवे आहे ते त्याच्या जोडीला आलेले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या नशेच्या गोळ्या, आणि व्यायामशाळेत जोर यावा म्हणून घेतलेली मेफेंटरमाईनची इंजेक्शने. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असते. पोरे ते दंड फुगवायला घेतात आणि मग त्याशिवाय तालमीत पाऊल टाकवत नाही. कुस्तीच्या आखाड्यांवर आणि दुधाच्या तांब्यावर वाढलेल्या या दोन जिल्ह्यांना ही गोष्ट जास्त लागायला हवी होती. इंजेक्शनांवर लक्ष ठेवणे अन्न व औषध प्रशासनाचे काम. औषध निरीक्षक किती आणि दुकाने किती याचे प्रमाण कोणत्याही दुकानदाराला विचारा, तो हसेल.

आता त्या दाराबद्दल. अमली पदार्थ कायद्याच्या कलम 27 खाली सेवन हा गुन्हा आहे. शिक्षा पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत, किंवा दंड. पण त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे एमडीचे दोन ग्रॅमपर्यंत, गांजाचे एक किलोपर्यंत. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवण्याचा अधिकार कलम 39 खाली न्यायालयाला वेगळा आहे.

म्हणजे ज्या कायद्याला आपण देशातला सर्वांत कडक म्हणतो, त्यानेच ओढणाऱ्याला रोगी मानायची वाट ठेवली आहे. प्रत्यक्षात देशभर ही कलमे फार थोडी वापरली जातात. का, ते कोणत्याही तालुका न्यायालयाच्या ओसरीवर उभे राहिले की समजते. चिलीम ओढताना पकडलेला पोरगा आणला जातो. वकील म्हणतो, कबूल कर, दंड भर, अर्ध्या तासात सुटशील. बाप खिशातून नोटा काढतो, इज्जत गेली म्हणून मान खाली घालतो, आणि दुपारी पोरगा त्याच टपरीमागे असतो. सगळ्यांचा वेळ वाचला. पोलिसांच्या नोंदीत कारवाई एकने वाढली. सरकारचा आणि त्या पोराचा आयुष्यात कदाचित एकदाच समोरासमोर संबंध आला होता, आणि तो पावती फाडण्यात संपला.

मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो. इरळीचे शेड शोधायला मुंबईहून माणसे आली. हा पोरगा तर आपण होऊन हातात आला होता.

पोलिसांची अडचण खरी आहे. अंमलदार विचारेल, त्याला उपचाराला पाठवायचे म्हणजे कुठे? केंद्राने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष असा होता, की बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी वीसमध्ये एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. दारूच्या बाबतीत कुठलीही मदत मिळालेला माणूस अडतीसमध्ये एक. (दारूचा उल्लेख मुद्दाम केला. बाटली आडवी करायला गावातल्या बायांना निदान मतदानाचा नियम तरी आहे. टपरीवरच्या पुडीविरुद्ध त्यांनी कुठे मत टाकायचे?) हे देशाचे प्रमाण झाले. आपल्याकडे उमदीच्या बाजूचा माणूस सांगलीला यायचा म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढे. म्हसवडहून सातारा गाठायचा तर अख्खा दिवस. आणि व्यसनाचे उपचार एका फेरीत होत नाहीत.

इथे एमडीची स्वतःची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पंजाबमध्ये अफू-हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणारी सरकारी बाह्यरुग्ण केंद्रे चालतात. गोळी चालू राहिली की ओढ आटोक्यात राहते आणि माणूस कामाला जाऊ शकतो. एमडी उत्तेजक आहे, त्याला अशी पर्यायी गोळी नाही. झोप, भ्रम, संशय, नैराश्य यांवर औषधे द्यावी लागतात, पण ओढ सुटते ती बोलण्यातून, घरच्यांना बसवून, दर आठवड्याला पाठपुरावा करून, घसरला तर पुन्हा उभा करून. काम महिनोन्महिन्यांचे आहे. म्हणून पन्नास खाटांचे चकचकीत व्यसनमुक्ती केंद्र उभारण्याची घोषणा मला फारशी भुलवत नाही. खाटा लागतील, पण त्याहून जास्त लागतील समुपदेशक, जे जतला बुधवारी आणि विट्याला शुक्रवारी ग्रामीण रुग्णालयात ठरल्या वेळी बसलेले असतील.

हे काम आपल्याला परके नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली, तेव्हा एमडीचे नावही इथे कोणाला माहीत नव्हते. पुण्यात 1986 पासून ‘मुक्तांगण’ आहे. मिरजेला वॉनलेस रुग्णालयापासून वैद्यकीची परंपरा, शिवाय शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. माणसे आहेत, अनुभव आहे, पण ठाण्यातून त्यांच्याकडे जाणारा रस्ता नाही. मग ज्यांना परवडते ते खाजगी केंद्रात पोराला टाकतात. काही केंद्रे चांगली आहेत. काही ठिकाणी उपचाराच्या नावाखाली कोंडणे आणि मारणे चालते, हेही घराघरांत ठाऊक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारात धरले, त्यामुळे अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आणि साखळीने बांधणे बेकायदा आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत नोंदणी असलेली केंद्रे कोणती, याची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर असायला कोणाची हरकत असावी?

पैशांचा प्रश्न निघेलच. त्याचे उत्तरही कायद्यातच आहे. कलम 7-अ खाली केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रणासाठीचा राष्ट्रीय निधी आहे. गुन्हेगारांची जप्त होऊन सरकारजमा झालेली मालमत्ता विकून येणारा पैसा त्यात जमा व्हावा आणि व्यसनी माणसे शोधणे, त्यांचे उपचार, पुनर्वसन, जनजागृती यांवर तो खर्च व्हावा, असे कलमातच लिहिले आहे. माल जाळावा लागतो. बंगला, गाडी, जमीन जाळावी लागत नाही. पण त्यासाठी छाप्याच्या दुसऱ्या दिवशी आर्थिक तपास सुरू व्हावा लागतो, आरोपीच्या आणि त्याच्या नातेवाइकांच्या नावावरची मालमत्ता गोठवावी लागते, आणि तो आदेश तीस दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडून कायम करून घ्यावा लागतो. हे काम कॅमेऱ्यासमोरचे नाही, कागदावरचे आहे. 245 कोटींच्या बातमीत आरोपींच्या गोठवलेल्या मालमत्तेचा आकडा कोणी छापला का, हे आठवून बघा. निधीतून पैसा यायला वेळ लागेल तोवर जिल्हा नियोजनात नावीन्यपूर्ण योजनांची तरतूद असते. त्यातून दोन जिल्ह्यांना दहा-बारा समुपदेशक झेपणार नाहीत असे नाही.

एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ओढणाऱ्याला रोगी म्हटले की विकणाराही उद्या रोगी म्हणून दार ठोठावेल. छोट्या पुड्या विकणारे बहुतेक पोरगे स्वतःही ओढतातच. नशेत कोयता काढणाऱ्याला समुपदेशक देणार काय, ज्याचा मुलगा त्या कोयत्याने गेला त्या आईला काय सांगायचे? तिला सांगायचे की कलम 64-अ खुनाला, हल्ल्याला, अल्प प्रमाणाहून जास्त मालाला लागू नाही. तिथे शिक्षा व्हावी आणि लवकर व्हावी. अठरा वर्षांखालच्या मुलाला पुडी पोचवायला वापरणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 78 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, ते कलमही दोषारोपपत्रात दिसले पाहिजे. आणि खुद्द त्या आईसाठी सरकारकडे काय आहे, हे विचारले तर उत्तर तोकडे आहे. बळींना भरपाईची योजना आहे, पण अर्ज कुठे करायचा हे तिला सांगणारे कोणी नसते. महाराष्ट्रातली मनोधैर्य योजना लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांसाठी आहे. व्यसनी नवऱ्याने विकलेल्या मंगळसूत्राचा, मुलाच्या मारहाणीचा, कर्जाचा हिशेब कुठल्याच योजनेत बसत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ठाण्याच्या पातळीवर या घरांची नोंद घ्यायला सुरुवात केली, तरी पुष्कळ उजेड पडेल.

शाळा-कॉलेजांतल्या प्रतिज्ञा, प्रभातफेऱ्या, रांगोळी स्पर्धा यांबद्दल थोडक्यात सांगतो: कराव्यात, पण त्याला प्रतिबंध म्हणू नये. 1933 हा तक्रारीचा आणि 14446 हा मदतीचा राष्ट्रीय क्रमांक पोरांच्या मोबाइलमध्ये गेला तर एका प्रभातफेरीपेक्षा बरे काम होईल. फक्त 14446 ला फोन करणाऱ्याला सांगलीतला पत्ता सांगता आला पाहिजे.

एनकॉर्डच्या जिल्हा बैठकीच्या टिपणात किती गुन्हे, किती अटक, किती किलो, किती कोटी हे रकाने असतात. त्यात आणखी काही जोडावेत. सेवनाच्या किती आरोपींना 64-अ समजावून सांगितले, किती तयार झाले, किती जणांनी उपचार पूर्ण केले, सहा महिन्यांनी त्यांतले किती टिकून आहेत, किती मालमत्ता गोठवली. पहिल्या बैठकीत सगळीकडे शून्य दिसेल. दिसू द्या. दुसऱ्या बैठकीत जिल्हाधिकारी विचारतील, तिसऱ्या बैठकीपर्यंत एखादा ठाणेदार उत्तर शोधून ठेवेल. आपल्याकडची यंत्रणा रकान्यामागे धावते हे शौचालयांच्या आणि लसीकरणाच्या वेळी आपण पाहिले आहे. इथे त्या सवयीचा फायदा घ्यायचा.

पोलिसांना समुपदेशक बनवायचे नाही. आरोपीला समजेल अशा मराठीतला एका पानाचा छापील कागद, त्यावर कलम 64-अ चा अर्थ, रुग्णालयाचा पत्ता, बाह्यरुग्ण विभागाचा वार, आणि खाली आरोपीची व नातेवाइकाची सही. कायद्याला सरकारने चालवलेले रुग्णालय पुरते, म्हणजे मिरजेच्या शासकीय रुग्णालयासाठी वेगळ्या मान्यतेचीही गरज नाही. जतच्या ठाण्यापासून तिथपर्यंतचे एसटीचे भाडे कोणी द्यायचे, एवढे मात्र बैठकीत ठरवावे लागेल.